पॉलिशचा रकाना

७ जानेवारी

दादा,

तुला आणि वहिनींना नमस्कार. पाच महिन्यांत तुझं एक पत्र नाही. वहिनी अधूनमधून कार्डावर दोन ओळी खरडतात, 'सगळं ठीक' म्हणून, आणि मी तेवढ्यावर समाधान मानते. पण आज रुसायला वेळ नाही. आज मी कामासाठी लिहितेय, तेव्हा नीट बसून वाच.

आमच्या सांख्यिकी कार्यालयात माझ्या गळ्यात एक मोठं काम पडलंय. पिण्याखेरीज देशात मद्यार्क कुठे कुठे खपतो, याचा चाळीस वर्षांचा आढावा. विभागप्रमुखांनी चाळीस वह्या माझ्या टेबलावर रचल्या आणि म्हणाले, "बाई, एवढं मार्चअखेर हातावेगळं करा." शेजारचा टंकलेखक तेव्हापासून रोज विचारतो, चढली का. त्याला किती वेळा सांगितलं की ही दारू नव्हे. औषधं, अत्तरं, शाई, प्रयोगशाळा, स्टोव्ह पेटवायचं स्पिरिट, गाड्यांच्या इंधनात मिसळतात ते, आणि तुझं पॉलिश. प्रत्येकाचा एकेक रकाना.

कंटाळवाणं वाटलं होतं, पण नाहीये. घरोघरी गॅस आला तसा स्टोव्हचा रकाना उतरत गेलेला दिसतो. साथीच्या वर्षी दवाखान्यांचा आकडा एकदम वर चढतो आणि पुढच्या वर्षी निमूट खाली बसतो. इंधनाने तर गेल्या दहा वर्षांत सगळ्यांना मागे टाकलंय. पॉलिशचा रकाना मात्र सगळीकडे घसरणीला लागलाय, सलग बारा वर्षं. फक्त एक जिल्हा सोडून. तुझा. तिथे तो तिपटीने वाढलाय.

मी इतकी खूश झाले की लिहूनही टाकलं: 'या जिल्ह्यात लाकूडकामाचा व्यवसाय भरभराटीस आला आहे.' पण छापायच्या आधी माझ्या ओळखीच्या एकुलत्या एक पॉलिशवाल्याला विचारून घ्यावं म्हटलं. गल्लीत काम किती, दुकानं किती, नवे कारागीर येतात का, सगळं कळव.

तुझी
मास्तरीण


२० जानेवारी

मास्तरीण,

उशीर झाला. हात मोकळे नव्हते असं लिहिणार होतो, पण तुला खोटं पटकन कळतं. हात मोकळेच असतात.

भरभराट म्हणशील तर, आपल्या लहानपणी गल्लीत चौदा दुकानं होती. सकाळी चालत गेलं की लाखेच्या वासाने डोकं हलकं व्हायचं. आता दोन उरली आहेत, एक आमच्या मालकाचं आणि एक समोरचं. लोकांना लोखंडी कपाटं आवडतात. खुर्च्या प्लॅस्टिकच्या, टेबलं कारखान्यातून चकचकीत होऊनच येतात. जेवणाचं एक टेबल घ्यायचं, पॉलिशपेपर मारायचा, लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, आणि कापडाचा बोळा घेऊन आठ दिवस गोल गोल फिरवत राहायचं, तोंड दिसेपर्यंत. एवढा धीर आता कोणाला आहे? मागच्या वर्षी मी अशी तीन टेबलं केली आणि एक देव्हाऱ्याएवढी पेटी.

पण माझं बरं चाललंय. मालकाने मला मुख्य कारागीर केलं आहे. कागदपत्रं मीच बघतो.

स्पिरिटचं म्हणशील तर ते उडून जातं. बाटलीचं बूच उघडं राहिलं की सकाळी अर्धी. तुझ्या तक्त्यात उडून जाण्याचा रकाना आहे का? नसेल तर एक काढ.

ते भरभराटीचं वाक्य राहू दे. वाचायला छान आहे आणि कोणाचं काही बिघडत नाही. तब्येत सांभाळ. खोलीत ओल येते म्हणाली होतीस, तिचं काय झालं?

दादा


२ फेब्रुवारी

दादा,

ओल तशीच आहे. मी पलंग भिंतीपासून हातभर ओढून घेतलाय.

तुझं पत्र वाचून मी कागद घेऊन बसले. एका टेबलाला स्पिरिट किती लागतं ते मला माहीत आहे, तूच शिकवलंस. जिल्ह्यात घरं किती तेही माहीत आहे. तुझ्या जिल्ह्यात पॉलिशच्या नावावर जेवढं स्पिरिट गेलंय ते खरोखर लाकडाला लागायचं तर प्रत्येक घरातलं प्रत्येक टेबल, खुर्ची आणि दरवाजा वर्षातून चार वेळा पॉलिश व्हायला हवा. आणि तू म्हणतोस तीन टेबलं आणि एक पेटी. एवढं बूच कोणी उघडं ठेवत नाही.

मी विभागप्रमुखांना हे सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत, निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय त्यांच्या. म्हणाले, आकडा आला तसा लिहायचा, आपण मोजणारी माणसं, पकडणारी नव्हे. मी हट्टच धरला तेव्हा दप्तरखान्यातून मूळ फॉर्म मागवायची चिठ्ठी त्यांनी सही करून दिली. दर तिमाहीला प्रत्येक दुकान एक दाखला भरतं, स्पिरिट किती घेतलं, कशाला वापरलं, म्हणून. मला तेवढंच बघायचंय की कोण घेतंय. तुमच्या समोरचं दुकान असेल का? तुला काही कुणकुण असेल तर आधीच सांग, म्हणजे मी नीट शोधेन.

आणि तुझं अक्षर ओळ सोडून खाली का उतरतंय? चष्मा बदल.

मास्तरीण


९ फेब्रुवारी

मास्तरीण,

ते फॉर्म बघू नकोस. साहेबांनी सांगितलंय तेवढं कर. समोरच्या दुकानाचा काही संबंध नाही, तो बिचारा खुर्च्यांचे वेत विणून पोट भरतो. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही. हे एवढं ऐक.

दादा


१४ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. फॉर्म मी परवाच पाहिले.

दप्तरखान्यात खिडकी नाही, एका दिव्याखाली उभं राहून वाचावं लागतं. पहिला दाखला उघडला आणि खाली तुझी सही. मला वाटलं, दिव्यामुळे भास होतोय. मग दुसरा, तिसरा. तीन वर्षांचे बारा दाखले, बाराही तुझ्या सहीचे. तुझ्या सहीची ती शेवटची वळवून वर नेलेली रेघ मी झोपेतही ओळखेन. माझ्या प्रगतिपुस्तकावर तीच असायची.

'दुकानात अकरा कारागीर, सर्व स्पिरिट पॉलिशकामी वापरले.' अकरा नावं दिली आहेत. तिसरं नाव काकांचं. काकांना जाऊन सहा वर्षं झाली, दादा. आपण दोघंच होतो शेवटी त्यांच्याजवळ. मेलेल्या माणसाला तू कामाला लावलंस.

हे स्पिरिट कुठे जातं ते न कळायला मी लहान नाही. ते पिण्यासाठी विकलं जातं. माझ्या वहीत 'पिण्याखेरीज' या मथळ्याखाली जो रकाना मी महिनाभर भरतेय तो लोकांच्या पोटात जातोय, आणि त्यावर माझ्या भावाची सही. तुला यातून काय मिळतं? मालकाने काय देऊ केलं? तुला गरज होती तर मला का नाही कळवलंस? बाकी काही विचारत नाही. एवढ्याचं उत्तर दे.


२२ फेब्रुवारी

वन्सं,

हे पत्र मी लॉन्ड्रीत, कामावर बसून लिहितेय. ह्यांना सांगितलेलं नाही. मालकीणबाईंनी अर्धा तास दिलाय, म्हणून मोडकंतोडकं लिहिते, समजून घ्या.

तुमचं पत्र ह्यांना मीच वाचून दाखवलं. वाचून का दाखवलं, तर ह्यांना आता वाचता येत नाही. धुक्यातून पाहिल्यासारखं दिसतं म्हणतात. तुम्हाला पाठवलेलं मागचं पत्र ह्यांनी खिडकीशी उभं राहून, कागद नाकाला लावून लिहिलं. तुम्ही चष्मा बदला म्हणालात तेव्हा हसले.

तुम्ही विचारलंत, काय मिळतं. रोजची एक बाटली मिळते. पगार थांबून दोन वर्षं झाली. काम बंद झालं त्या हिवाळ्यात हे दिवसभर दुकानात नुसते बसून असायचे, आणि हाताशी पिंप. आधी थंडीपुरतं म्हणाले. मग सगळ्या ऋतूंत थंडी वाजायला लागली. मालकाला हे ठाऊक आहे. सही केली की बाटली, नाही केली तर नाही. तीन वर्षं तो ह्यांचा हात असा धरून चालवतोय.

गल्लीत त्याला निळी म्हणतात, रंगावरून. सकाळी कामावर जायच्या आधी माणसं येतात, आपापली बाटली घेऊन. चांभार, हमाल, शाळेचा घंटा वाजवणारा म्हातारा. आमच्याकडे पत्रं आणायचा तो पोस्टमनही. तो गेल्या शुक्रवारी गेला. पोट धरून बसला आणि दम लागून गेला. डॉक्टरांनी हृदय लिहिलं. त्याच्या आदल्या आठवड्यात कुलपं दुरुस्त करणारा गेला, त्यालाही हृदयच.

मी ह्यांना इस्पितळात चला म्हणून पाया पडले. म्हणतात, तिथे विचारतील कुठून घेतलीस, मग काय सांगू. मी बाटली फोडली तर दुसरी आणली. लपवली तर अंगाला कापरं भरतं, ते बघवत नाही, मीच काढून देते. हे तुम्हाला सांगायला मला मेल्याहून मेल्यासारखं होतंय.

तुम्ही मोठ्या कार्यालयात आहात. काहीतरी करा. नाहीतर काही करू नका, म्हणजे हे तुरुंगात जाणार नाहीत. मी तुमच्याकडे काय मागतेय ते माझं मलाच कळत नाही.

तुमची
वहिनी


२७ फेब्रुवारी

वहिनी,

हे पत्र हातात पडेल त्या क्षणी दादाला इस्पितळात न्या. उत्तर लिहिण्यात वेळ घालवू नका. या स्पिरिटमध्ये मुद्दाम विष मिसळलेलं असतं, मिथेनॉल म्हणतात त्याला, आणि निळा रंग घालतात तो धोका दिसावा म्हणून. ते आधी डोळ्यांवर जातं. धुकं दिसतं ते त्याचंच. डॉक्टरांना सरळ सांगा काय प्यायले ते, नाहीतर तेही हृदय लिहितील.

मी कालच रजा मागितली. अहवाल छापायला जाईपर्यंत नाही म्हणाले. तरी निघाले असते, पण अहवालात एक टीप घालायची आहे आणि ती माझ्याशिवाय कोणी घालणार नाही. पुढचं दादाला वाचून दाखवा.

दादा, मी भांडणार नाही. मागच्या पत्राखाली मी नावसुद्धा लिहिलं नाही, त्याची लाज वाटते. मला वाटलं तू हावरेपणाने केलंस. मी टीप लिहिलीय, ऐक: 'या जिल्ह्यातील वाढ लाकूडकामामुळे नाही. पॉलिशच्या परवान्यावरील स्पिरिट पिण्यासाठी वापरले जात असावे व त्याने मृत्यू होत असावेत. तातडीने तपास व्हावा.' कोणाचं नाव नाही. पोस्टमनला ज्याने मारलं ते स्पिरिट माझ्या वहीतल्या आकड्यात आहे आणि त्यातलं ते कोणतं हे मला सांगता येत नाही, हे मी कसं सहन करू? तू फक्त डॉक्टरकडे जा.

तुझी
मास्तरीण


८ मार्च

मास्तरीण,

हे मी स्वतः लिहितोय, म्हणून ओळी एकमेकींवर चढतील. तुझ्या वहिनीने लिहावं असं हे पत्र नाही.

इस्पितळात गेलो होतो. डाव्या डोळ्याचं काही खरं नाही म्हणाले, उजवा वाचेल, सोडली तर. सोडली आहे. आज अकरावा दिवस. बादलीतलं पाणी हिंदकळावं तसे हात हलतात, पण सोडली आहे.

आता माझं ऐक. नाव नाही म्हणतेस. जिल्ह्यात परवाने दोन. समोरचा वेत विणतो. मग उरलं कोण? तपासाला माणूस आला की पहिल्या दिवशी माझ्या दारात उभा राहील. मालक हात झटकेल, त्याने कुठेही सही केलेली नाही, तेवढा तो हुशार आहे. मी आत जाईन आणि तुझी वहिनी इथे एकटी, सगळ्या गल्लीच्या तोंडासमोर.

आणि दुकान बंद झालं म्हणून पिणारे थांबतील असं तुला वाटतं का? ते याहून वाईट काहीतरी शोधतील. मी निदान पाहून देतो. कोणाला जास्त झाली की नाही म्हणतो. पोस्टमनला मीच दोनदा परत पाठवला होता. तिसऱ्यांदा नाही पाठवला.

बाबा गेले तेव्हा मी चौदाचा होतो आणि तू पाचची. तुझी शाळा, तुझं कॉलेज, त्या कार्यालयातली तुझी खुर्ची, हे सगळं या स्पिरिटने भिजलेल्या हातांनी झालं. मी हे कधी बोललो नाही. कधीच बोलणार नव्हतो. आज बोलतोय, आणि बोलताना मला माझीच किळस येतेय. पण मला तुरुंगात आंधळं व्हायचं नाही. ती टीप काढ. मी मालकाला सांगतो, पुढच्या तिमाहीपासून सही नाही म्हणून. माझ्यावर एवढा विश्वास ठेव.

दादा


१५ मार्च

दादा,

टीप काढली. खणात ठेवलीय, फाडवत नाही.

खरं सांगायचं तर मला फार झगडावंही लागलं नाही. विभागप्रमुखांना म्हटलं, अजून खात्री करायची आहे, आत्ता नको. त्यांचा चेहरा असा मोकळा झाला की मला कळलं, तेही वाटच बघत होते. अहवाल काल छापायला गेला. तुझ्या जिल्ह्याची रेघ वर जाते आणि तिच्या बाजूला माझं वाक्य आहे, भरभराटीचं.

तू शब्द दिला आहेस. सही करायची नाही आणि बाटलीला शिवायचं नाही. मी आता तुला दर आठवड्याला लिहीन आणि तू दर आठवड्याला दोन ओळी पाठवायच्या, ओळी कितीही चढल्या तरी.

मास्तरीण


९ एप्रिल

वन्सं,

तार मिळाली असेल. तारेत एवढंच मावलं. तुम्ही निघाला असाल तर हे पत्र मागाहून मिळेल, पण मला कोणाला तरी सांगायलाच हवं.

सोमवारी मालकाने नवं पिंप आणलं. कुठून आणलं ते कोणालाच माहीत नाही. ह्यांनी सही करणार नाही म्हणून सांगितलं होतं, तर तो म्हणाला, नको करूस, हे परवान्यावरचं नाहीच. ते निळं नव्हतं. पाण्यासारखं स्वच्छ होतं. म्हणून लोकांना वाटलं, या खेपेला चांगलं आलंय. माणसांनी शेजारच्यांनाही बोलावून आणलं.

हे त्या दिवशी दुकानात होते. वाटपाला हेच उभे होते. वन्सं, ह्यांनी सोडली नव्हती. तुम्हाला अकरा दिवस लिहिलं म्हणाले, तेव्हा चार झाले होते, आणि पाचव्या दिवशी पुन्हा सुरू झाली. मला माहीत होतं आणि मी तुम्हाला कळवलं नाही. तुम्ही टीप काढलीत हे वाचून मी सुटकेचा श्वास टाकला होता.

मंगळवारी सकाळी पहिला हमाल गेला. दुपारपर्यंत इस्पितळाच्या व्हरांड्यात खाली गाद्या टाकाव्या लागल्या. आज सकाळपर्यंत एकोणीस. चांभार गेला, त्याची बायकोही, ती तर घोटभरच प्यायली होती. घंटावाला म्हातारा वाचला. का वाचला कोणास ठाऊक.

ह्यांना मी हातगाडीवरून नेलं. वाटेत म्हणाले, दिवे का घालवलेत. सकाळचे दहा वाजले होते. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, दोन दिवस झोपल्या नव्हत्या, ओरडून सगळ्यांना विचारत होत्या, काय प्यायलात, कुठून आणलंत. मग हेच बोलले. आधी पिंपाचा पत्ता सांगितला, म्हणाले, कोणीतरी आत्ता जाऊन ते ओता, अजून अर्धं शिल्लक आहे. बाईंनी विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?"

"मी वाटलंय," हे म्हणाले.

पोलीस आता खोलीच्या दाराशी बसलाय. पिंप मिळालं. मालक नाही.

वहिनी


२ मे

दादा,

तुझ्या खाटेजवळ मी सहा दिवस होते आणि एक गोष्ट सांगायची राहिली. राहिली म्हणजे मी सांगितली नाही. तू माझा हात धरून ठेवला होतास. सांगितलं तर सोडशील असं वाटलं. वहिनी, हे त्यांना वाचून दाखवा, काही गाळू नका.

तू मला टीप काढायला सांगितलंस, आणि मी ती काढली. पण ती तुझ्यासाठी काढली असं मी स्वतःला सांगत होते ते पूर्ण खरं नाही. भाऊ तुरुंगात गेला तर कार्यालयात माझ्याकडे कसं बघतील, हेही माझ्या मनात होतं. टंकलेखक काय म्हणेल, एवढं क्षुल्लकसुद्धा मनात होतं. टीप खणात तीन आठवडे पडून होती. रोज सकाळी पेन्सिल काढायला मी तोच खण उघडत होते. त्या तीन आठवड्यांत तिथे तपास पोचला असता तर मालकाने ते पिंप आणायची हिंमत केली नसती. केलीही असती कदाचित. मला हे आयुष्यभर कळणार नाही.

इस्पितळातून निघताना मी टीप आणि दाखल्यांच्या नकला डॉक्टरीणबाईंच्या हातात दिल्या. त्यांनी त्या या मृत्यूंसाठी नेमलेल्या चौकशी समितीला दिल्या. विभागप्रमुखांनी मला बोलावून विचारलं, हे तुम्ही केलंत का, आणि मी हो म्हटल्यावर टेबलाच्या काचेवरची धूळ पुसत बसले. माझी बदली जनगणनेच्या गोदामात झाली आहे. अहवाल छापून आला आहे. त्यात काही बदललेलं नाही.

मालक सापडल्याचं तुला कळलं असेल. तो म्हणतो, मला काही ठाऊक नाही, सह्या कारागिराच्या आहेत. आता समितीचं पत्र मला आलंय, वीस तारखेला हजर राहा म्हणून. मला बारा दाखले दाखवणार आणि विचारणार, ही सही तुम्ही ओळखता का. एका वकिलाला विचारलं, तो म्हणाला, सख्ख्या भावाविरुद्ध बोलायला नकार देता येतो, हवं तर तसं लिहून द्या. पण दाखल्यांमधली अकरा नावं खोटी आहेत आणि एवढं स्पिरिट मालकाच्या पैशाखेरीज येऊच शकत नाही, हे मांडून सांगणारं दुसरं कोणी नाही. मी नाही म्हटलं तर मालक सुटतो. हो म्हटलं तर तू अडकतोस. मी चार दिवस जेवलेले नाही. कागद पुढ्यात घेऊन बसते आणि काहीच लिहीत नाही. तूच सांग मी काय करू.

मास्तरीण


९ मे

मास्तरीण,

हे मी सांगतोय आणि तुझी वहिनी लिहितेय. मध्येच ती थांबते, मग मी तिला पुढे म्हणतो.

आधी जेव.

इथे आम्ही आठ जण आहोत. घंटावाला म्हातारा माझ्या डाव्या हाताला आहे, त्याला थोडं दिसतं, तो आम्हाला खिडकीबाहेरचं सांगतो. पलीकडे चांभाराचा भाऊ आहे. तो माझ्याशी बोलत नाही. काल पाणी मागायला हात पुढे केला तर त्याने पेला माझ्या हातात दिला. मला तेवढं पुरे आहे, त्याहून जास्त मला नकोच आहे. रोज एकदा तरी मी त्या दिवशी कोणाकोणाला ओतून दिलं ते पहिल्यापासून आठवतो. सव्वीस जण. आवाजावरून आठवतो. चांभाराची बायको म्हणाली होती, मला चमचाभरच, चव बघायला.

तुझ्या खणाचं. मनाला लावून घेऊ नकोस असं मी म्हणणार नाही. मला कोणी तसं म्हटलेलं चालणार नाही, मग तुला कसं म्हणू? पण तू गप्प बसलीस ती मी बसवलं म्हणून. शाळेचं काढून बसवलं. ते पत्र लिहिताना मला ठाऊक होतं की त्या एका गोष्टीपुढे तू काही बोलू शकणार नाहीस. त्यातलं माझं आहे ते माझ्याकडे राहू दे, सगळं स्वतःकडे ओढू नकोस. तुला लहानपणापासून सगळा दप्तराचा भार स्वतः घ्यायची खोड आहे.

मी तुरुंगाला घाबरत होतो. आता काय, भिंती दिसणारच नाहीत. हे विनोदाने म्हणतोय, तुझी वहिनी रडू लागली, तिला लिहायला लावायला नको होतं.

वकिलाला नको म्हणून सांग. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की गल्लीत आता कोणी येत नाही, पण नदीपलीकडे, शेजारच्या जिल्ह्यात, तसंच एक दुकान आता सुरू झालंय, तिथे सकाळी रांग असते. तिथला कारागीर मला माहीत आहे. माझ्याबरोबर शिकला. त्याचेही हात मोकळे आहेत. तू मांडून सांगितलंस तर कोणीतरी तिथे जाईल.

वीस तारखेला मला समोरच्या बाकावर बसवणार आहेत. त्यांनी सही दाखवली की माझ्याकडे बघत थांबू नकोस, ओळखते म्हणून सांग. काकांचं नावही सांग. आणि जरा मोठ्याने बोल, म्हणजे तू कुठे उभी आहेस ते मला कळेल. मी तोंड तिकडे करून बसेन.

दादा